औषधाच्या मंजुरीचा इतिहास : जवळा बाजार आणि परिसर

विम्यातून किंवा सरकारी योजनेतून महागडा उपचार घ्यायचा, तर तो सुरू होण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार या बाजारगावी आणि आसपासच्या खेड्यांत ही मंजुरी कोण देते, कोणत्या कागदावर देते आणि कशासाठी देते, हे गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलले. शिक्षकाची फाइल, दारिद्र्यरेषेचा दाखला, पिवळी-केशरी शिधापत्रिका, सातबारा, आधार असा या कागदांचा प्रवास झाला. या सगळ्या काळात मंजुरी देणाऱ्याने रुग्णाला दोनच प्रश्न विचारले : तू कोण, आणि तुझ्यावर काय करायचे आहे? घरी बसून महिनोन्महिने घ्यावे लागणारे औषध या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर पडत राहिले, आणि रुग्णांची सर्वाधिक ओढाताण तिथेच झाली.

जवळा बाजार हे सोयाबीन, हळद, कापूस, तूर यांच्या उलाढालीचे गाव. कृषी उत्पन्न बाजार समिती, आडत दुकाने आणि आठवडी बाजार यांमुळे भोवतालच्या खेड्यांचा पैसा इथे फिरतो. मोठ्या आजाराचा उपचार मात्र नेहमी बाहेर राहिला. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याची मोठी रुग्णालये हैदराबादला होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची सत्ता गेली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९७४ मध्ये अंबाजोगाईला आणि १९८८ मध्ये नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय आले. त्यामुळे परभणी, वसमत, नांदेड ही जवळा बाजारच्या रुग्णाची नेहमीची वाट ठरली.

या काळात शेतकऱ्याला आजारपणाचा विमा नव्हताच. दवाखान्याचा खर्च निघे तो आडत्याकडून घेतलेल्या उचलीतून, सोने गहाण ठेवून किंवा जनावर विकून. उचल पुढच्या मालावर मिळे. म्हणजे आजार खरिपात आला तर त्याचे पैसे दिवाळीनंतरच्या कापसातून वळते होत. ही पद्धत क्रूर होती, कारण व्याज आणि माल त्याच दुकानात घालण्याचे बंधन दोन्ही शेतकऱ्याच्या माथी येत. तरी तिच्यात एक सोय होती, आणि ती पुढच्या कोणत्याही योजनेत आली नाही : पैसे कशावर खर्च होणार, हे आडत्या विचारत नसे. शस्त्रक्रिया असो की सहा महिन्यांच्या गोळ्या, उचल दोन्हींसाठी मिळे.

मंजुरीची लेखी पद्धत या भागात पहिल्यांदा आली ती सरकारी नोकरदारांसाठी. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम १९६१ मध्ये झाले. त्यांनुसार कर्मचारी आधी स्वतः खर्च करी आणि नंतर प्रतिपूर्ती मागे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्यासाठी हा मोठा आधार होता, पण त्याचा मार्ग लांब होता. डॉक्टरांचे अत्यावश्यकता प्रमाणपत्र, औषधांची मूळ बिले, प्रत्येक बिलावर सही-शिक्का, आणि औषध रुग्णालयाच्या साठ्यात नव्हते असा दाखला, एवढे जमले की फाइल कार्यालयातून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाई. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तोपर्यंत जवळा बाजारच्या शिक्षकाची फाइल परभणीला जात होती, नंतर ती हिंगोलीला जाऊ लागली. टॉनिक, पौष्टिक पदार्थ आणि स्वस्त पर्याय असताना घेतलेली महागडी औषधे छाटली जात. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयाने खासगी रुग्णालयातील उपचारासाठी २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी ठरवली. यादीत नाव असलेला आजार मंजुरीला पात्र, नसलेला अपात्र. पुढच्या सर्व योजनांनी स्वीकारलेला हा साचा इथे प्रथम स्पष्ट दिसतो.

या सोयीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ती निवृत्तीच्या दिवशी संपत असे. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांची औषधे साठीनंतरच अधिक लागतात. २०१४ पासून निवृत्तांसाठी गट वैद्यकीय विम्याची योजना आली, पण तिचा हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा होता.

व्यापारी आणि बँक कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलेला विमा म्हणजे मेडिक्लेम. सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी तो १९८६ मध्ये बाजारात आणला. त्याचा पाया रुग्णालयात दाखल होण्यावर होता. किमान २४ तास खाटेवर असणे ही मुख्य अट. दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काही दिवसांची औषधे त्या दाखल होण्याला जोडून मिळत. विमा घेण्यापूर्वीपासून असलेला आजार वगळलेला असे. विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००१ च्या विनियमांनी त्रयस्थ प्रशासक, म्हणजे टीपीए, ही संस्था अधिकृत झाली. रोख न भरता उपचार मिळण्याची सोय तिच्यामुळे आली, आणि रुग्णाला कधीही न भेटलेला, दूर शहरात बसलेला डॉक्टर कागद पाहून होकार-नकार देऊ लागला. गावातल्या दवाखान्याचे अस्पष्ट हस्ताक्षर, केसपेपरवर ‘दोन वर्षांपासून बीपी’ अशी सहज लिहिलेली ओळ, नावातला एका अक्षराचा फरक, या गोष्टींना तेव्हापासून पैशांचे मोल आले.

गरीब रुग्णांसाठी राज्य सरकारने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू केली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी होती आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या अवयवांच्या मोठ्या उपचारांपुरती होती; कर्करोग तिच्यात नंतर आला. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेला अल्पभूधारक इथे पहिल्याच प्रश्नाला अडत असे. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये आली. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण देणारी ही योजना महाराष्ट्रात फारशी रुजली नाही.

मोठा बदल शेजारच्या राज्याकडे पाहून झाला. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री सुरू झाली होती. तिच्या धर्तीवर महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आखली. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत संरक्षण होते. नॅशनल इन्शुरन्स कंपनीला सरकार प्रत्येक कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता देत होते. उर्वरित जिल्ह्यांत, हिंगोली धरून, ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी पोहोचली.

या सव्वा वर्षाहून मोठ्या अंतराचा अर्थ सरहद्दीवरच्या गावांना फार बोचरा होता. हिंगोली आणि नांदेड हे लागून असलेले जिल्हे. वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांतले रुग्ण नांदेडलाच जात. एकाच वॉर्डात, एकाच आजाराच्या दोन रुग्णांपैकी नांदेड जिल्ह्याच्या शिधापत्रिकेवाल्याचा उपचार मोफत आणि हिंगोलीच्या शिधापत्रिकेवाल्याचा विकतचा, अशी रचना शासनाच्या टप्प्यांनी तयार केली होती. टप्प्याटप्प्याने योजना राबवण्यामागे प्रशासकीय कारणे असतील. ज्याच्या घरातला माणूस त्या काळात आजारी पडला त्याच्यावर मात्र तो उघड अन्याय होता.

योजनेचे काम चाले ते अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी. रुग्णाचा नातेवाईक तिथे येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, ओळखपत्र, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि गावच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येई. आरोग्यमित्र शिधापत्रिकेवरचा क्रमांक संगणकात घाली, रुग्णाचा फोटो काढी आणि नोंदणी करी. मग डॉक्टर निदान लिहीत आणि त्या निदानाला यादीतले पॅकेज जोडत. ९७२ उपचारपद्धतींची ही यादी ३० विशेषज्ञ शाखांत विभागली होती. तिच्यातल्या शंभरावर पद्धती शासकीय रुग्णालयांसाठी राखीव होत्या, त्यामुळे खासगी रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाला कधी तिथून उठून पुन्हा सरकारी रुग्णालय गाठावे लागे. पॅकेज ठरल्यावर रिपोर्ट आणि छायाचित्रे चढवून पूर्वपरवानगी मागितली जाई. पलीकडून टीपीएचे डॉक्टर मंजूर करत, नामंजूर करत किंवा शंका काढत. ‘क्वेरी पडली’ हे वाक्य नातेवाइकांनी याच टेबलाशी ऐकले. क्वेरी बहुधा साधी असे : बायॉप्सीचा रिपोर्ट दिसत नाही, एमआरआयची फिल्म जोडा, शिधापत्रिकेतले वय आणि ओळखपत्रातले वय जुळत नाही. जवळा बाजारच्या माणसासाठी त्या साध्या कागदाचा अर्थ एसटीने परत येणे, तहसील किंवा रास्तभाव दुकान गाठणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे असा होता. नामंजूर प्रकरण तांत्रिक समितीपुढे नेण्याची तरतूद होती. तिची माहिती असलेले नातेवाईक थोडे.

पॅकेजच्या ठरलेल्या रकमेत खाट, शुश्रूषा, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे भाडे हे सर्व धरलेले होते. परतीच्या भाड्याचा विचार करणारी ही तरतूद योजना आखणाऱ्यांच्या जाणिवेची साक्ष देते. पण औषधाच्या बाबतीत पॅकेजची रचना अडचणीची ठरली. औषधाची किंमत पॅकेजच्या पोटात असल्याने महाग औषध वापरले की रुग्णालयाचा वाटा घटे. मग काही ठिकाणी ‘हे योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’ असे सांगून चिठ्ठी हातात दिली जाई. नियमाने उपचार पूर्ण मोफत असायला हवा होता. तक्रार करण्यासाठी १५५३८८ हा क्रमांकही होता. माणूस खाटेवर असताना त्याच डॉक्टरविरुद्ध फोन लावण्याचे धैर्य फार थोड्यांना होते, आणि बाकीचे मुकाट्याने मेडिकलवर जात.

कर्करोगाची औषधे हा या योजनेतला सर्वांत उजवा भाग मानता येईल. केमोथेरपीसाठी औषधांच्या ठरावीक जोड्यांची पॅकेजे होती : लिम्फोमासाठी चॉप, हॉजकिन्सच्या आजारासाठी एबीव्हीडी, स्तनाच्या कर्करोगासाठी ॲड्रिअमायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. कर्करोगासारख्या आजारात इथे औषध स्वतःच मंजुरीचा विषय झाले, आणि त्यामुळे अनेक कुटुंबांची जमीन वाचली. मंजुरी मात्र सायकलगणिक घ्यावी लागे. दर तीन आठवड्यांनी रक्ततपासणी, नवी परवानगी, नवे दाखल होणे. पहिल्या जोडीने गुण आला नाही आणि डॉक्टरांनी यादीत नसलेले नवे औषध सुचवले, की योजनेचा हात तिथे सुटे. पुढे मुख्यमंत्री साहाय्यता निधी, देवस्थानांचे न्यास किंवा धर्मादाय रुग्णालय. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या आणि १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे पुन्हा औंढ्याची फेरी.

शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांसाठी १२१ पाठपुरावा पॅकेजे होती, ती मुदतीची. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला शरीराने ते नाकारू नये म्हणून औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते; मुदत संपली की त्याचा खर्च रुग्णाच्याच माथी येई.

हिंगोली जिल्ह्यापुरता एक बदल वेगळा नोंदवला पाहिजे. शुभ्र शिधापत्रिकेवाले योजनेबाहेर होते. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा, शुभ्र शिधापत्रिकेवरील शेतकऱ्यांनाही पुढे योजनेत घेण्यात आले. त्यांच्यासाठी पात्रतेचा कागद ठरला सातबारा. जमिनीचा उतारा असा दवाखान्यात पोहोचला. जमीन आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी झालेली, फेरफार रखडलेला, ही इथल्या घराघरातली स्थिती. म्हणून शेतकरी कुटुंबातील सदस्य असल्याचा तलाठ्याचा दाखलाही चालेल अशी सोय ठेवावी लागली. दुसरीकडे, त्याच जवळा बाजारात शुभ्र शिधापत्रिका असलेला पण शेती नसलेला छोटा दुकानदार बाहेरच राहिला.

१ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. तिची पात्रता शिधापत्रिकेवर नसून २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाच्या यादीवर होती, आणि संरक्षण पाच लाखांचे होते. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या आणि विमा कंपनी म्हणून युनायटेड इंडिया इन्शुरन्स आली. एकाच गल्लीत एका घराला पाच लाखांचे संरक्षण आणि शेजारच्या घराला दीड लाखाचे, असा फरक आता दोन याद्यांमुळे पडला.

त्याच महिन्यांत कोविड आला. २३ मे २०२० च्या शासन निर्णयाने योजना तात्पुरती सर्व नागरिकांना खुली झाली, म्हणजे ‘तू कोण’ हा प्रश्न पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. कोविडसाठी स्वतंत्र पॅकेज नव्हते. आधीच्या यादीतल्या श्वसनाच्या गंभीर अवस्थांच्या पॅकेजांत रुग्ण बसवावा लागे. ज्याला प्राणवायू आणि रेमडेसिव्हिर लागले पण जो त्या निकषांत बसला नाही, त्याचे बिल त्याच्याच माथी आले.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस पसरला आणि मंजुरी व औषध यांतले अंतर कधी नव्हे इतके उघडे पडले. १८ मे २०२१ रोजी राज्याने हा आजार योजनेत घेतला. त्यावरचे मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन-बी. लिपोसोमल प्रकारात दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅम हे नेहमीचे प्रमाण धरले, तर ६० किलोच्या रुग्णाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागत, आणि उपचार आठवडेच्या आठवडे चाले. देशात एवढ्या कुप्याच नव्हत्या. केंद्र राज्यांना कोटा देई, राज्य जिल्ह्यांना, आणि जिल्ह्यात आलेल्या कुप्या रुग्णालयांत वाटल्या जात. योजनेची मंजुरी हातात असलेले नातेवाईक कुपीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले.

खासगी विम्यात बदल नियामकाच्या आदेशांनी झाला. कर्करोगाच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या, इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल प्रतिपिंडे, डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांवरचे दावे कंपन्या दीर्घकाळ फेटाळत. कारण ठरलेले असे : रुग्ण २४ तास दाखल नव्हता. वैद्यकशास्त्र पुढे गेल्यामुळेच रुग्णाला खाटेची गरज उरली नव्हती, आणि त्याच प्रगतीची शिक्षा त्याला मिळत होती. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा बारा आधुनिक उपचारपद्धती वगळण्यास मनाई केली. जुन्या पॉलिसींना हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. कंपन्यांना उपमर्यादा लावण्याची मुभा राहिल्याने पाच लाखांच्या पॉलिसीतही गोळ्यांसाठी त्याचा काही भागच मिळतो. २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. त्याच वर्षी मे महिन्यातील परिपत्रकाने कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय देणे आणि दावा समितीच्या संमतीविना दावा न फेटाळणे बंधनकारक केले.

नकारानंतरची वाट खासगी विम्यात अधिक आखीव आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. हिंगोली जिल्हा पुण्याच्या लोकपालाच्या कक्षेत येतो. फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दाव्याची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांवरून ५० लाखांवर गेली. लोकपालाऐवजी जिल्हा ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. दोन्हीकडे निर्णायक ठरतो तो उपचार करणाऱ्या डॉक्टरचा कागद : हेच औषध का, आधी कोणते देऊन झाले, ते का चालले नाही आणि हे दिले नाही तर काय होईल, हे त्यात तारखांसह असावे लागते. नकाराचे कारण कंपनीकडून लेखी घेणे हीदेखील तितकीच महत्त्वाची पायरी. फोनवर ऐकलेल्या नकाराविरुद्ध दाद मागणे कठीण जाते.

सरकारी योजनेची पात्रता २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने आणि १ जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. संरक्षण पाच लाखांचे, उपचारपद्धती तेव्हा १३५६. जवळा बाजारचा दुकानदार, निवृत्त शिक्षक, सातबारा नसलेला मजूर, सगळे एका रांगेत आले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतला केसपेपरही मोफत झाला, आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ‘तू कोण’ या प्रश्नाचा निकाल लागायला १९६१ पासून ६३ वर्षे लागली.

दुसरा प्रश्न अजून यादीच्याच हाती आहे. रुग्णालयातल्या पॅकेजाला मंजुरी मिळते. संधिवाताच्या महागड्या इंजेक्शनांना, फिटच्या गोळ्यांना, इन्सुलिनला बाह्यरुग्ण म्हणून विम्याचे संरक्षण नाही. ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात साठा असेल तेव्हा मोफत मिळतात. साठा नसेल तेव्हा जन औषधी केंद्रात स्वस्तात, आणि तिथेही नसतील तर गावातल्या मेडिकलवर छापील किमतीला घ्यावी लागतात. कुठल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर त्यांच्यासाठी अर्ज करता येत नाही, आणि अर्जच नसल्यामुळे त्यांच्या नकाराची नोंदही कुठे होत नाही.